सेप्टिक टाकी: आत काय चालतं, कधी उपसायची आणि बिघाड कसा ओळखायचा

"आमची टाकी वीस वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही," असं अभिमानाने सांगणारं एक तरी घर प्रत्येक आळीत असतं. ऐकणाऱ्याला वाटतं, गवंडी मोठा हुशार असणार. खरं तर अशा टाकीचे बहुधा दोनच अर्थ निघतात. एक तर तिला सिमेंटचा तळच नाही किंवा तो तडकलाय, आणि सगळं जमिनीत जिरतंय. जवळ विहीर असेल तर तिच्यात उतरतंय. नाहीतर टाकी केव्हाच गाळाने भरलीय आणि आलेला मैला जसाच्या तसा पुढे शोषखड्ड्यात किंवा गटारात चाललाय. भल्या मोठ्या टाकीवर दोनच माणसं असतील तर काळ लांबतो, हे खरं. पण नीट बांधलेली, नीट चालणारी टाकी कधी ना कधी मैला उपसणारी गाडी मागतेच. ती कधी मागते, हे ओळखता येणं एवढीच या सगळ्या देखभालीची किल्ली आहे.

टाकी काय करते आणि काय करत नाही

टाकी मैला नाहीसा करत नाही. ती तो वेगळा करते. संडासातून आलेलं पाणी टाकीत शिरलं की त्याचा वेग मंदावतो. जड भाग खाली बसतो, तो साका. तेल, साबणाचा फेस, हलकी घाण वर तरंगते, तो तवंग. मधल्या थरातलं त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी पलीकडच्या पाइपातून बाहेर पडतं. तळाच्या साक्यात हवेशिवाय जगणारे जिवाणू असतात. ते मैला कुजवतात, त्याचा आकार कमी करतात आणि वायू सोडतात. पण सगळंच कुजत नाही. उरलेला गाळ वर्षागणिक चढत जातो.

यासाठी पाण्याला टाकीत किमान एक ते दोन दिवस थांबायला मिळावं लागतं. गाळ वाढला की पाण्याची जागा घटते, पाणी घाईने बाहेर पडतं आणि साका खाली बसायच्या आतच पुढे निघतो. बिघाडाची सुरुवात इथून होते, आणि त्या वेळी घरात कुणालाच काही जाणवत नाही. फ्लश उत्तम चालू असतो.

टाकीतून बाहेर पडणारं पाणी दिसायला पातळ असलं तरी शुद्ध नसतं. जुलाब, कावीळ, टायफॉइडचे जंतू त्यात असू शकतात. ते गाळून मारण्याचं काम मातीचं, म्हणून टाकीच्या पुढे शोषखड्डा किंवा जिरवण चर हवाच. टाकीचा पाइप थेट नालीत सोडला की अर्धंच काम होतं. आपल्याकडे असंख्य घरांत नेमकं हेच केलेलं आहे.

आधी आपल्याकडे काय आहे ते शोधा

पुष्कळांना आपल्या आवारात काय पुरलंय हे माहीत नसतं, विशेषतः घर विकत घेतलेलं असेल तर. ज्याला सगळे "टाकी" म्हणतात तो कधी नुसता दगड रचलेला खड्डा असतो. ग्रामीण भागात अनुदानातून बांधलेल्या अनेक शौचालयांना टाकी नसते, दोन शोषखड्डे असतात. एक भरला की मैला दुसऱ्याकडे वळवायचा आणि भरलेला दीड-दोन वर्षं झाकून ठेवायचा. आतल्या मैल्याचं सोनखत होतं. त्या व्यवस्थेला गाडी लागत नाही, आणि तिच्यात न्हाणीचं पाणीही सोडायचं नसतं. हा लेख तिच्याबद्दल नाही.

खरी सेप्टिक टाकी चहूबाजूंनी आणि तळाशी पाणी न झिरपणारी असते. बहुधा तिचे दोन कप्पे असतात: पहिला मोठा, साधारण दोन तृतीयांश, दुसरा लहान. प्रत्येक कप्प्यावर झाकण असतं. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाइपांना "टी", म्हणजे इंग्रजी T च्या आकाराचा जोड, लावलेला असतो, त्याचं खालचं टोक पाण्यात बुडालेलं असतं. आत येणारा पाइप बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडा उंच असतो, ५० मिलिमीटर तरी. शिवाय वायू बाहेर जायला एक उभा पाइप असतो, तोंडाला डासांची जाळी बांधलेली. टाकी घराला लागून असेल तर हा पाइप घराच्या माथ्यापेक्षा २ मीटर वर जायला हवा. तो मध्येच कापून ठेवलेला असतो आणि मग खिडकीतून वास येतो अशी तक्रार होते.

झाकणं फरशीखाली गाडली गेली असतील तर पहिलं काम ती मोकळी करण्याचं. टाकीवर टाइल्स बसवून टाकणं हा आपल्याकडचा फार महागात पडणारा प्रकार आहे. गाडी दारात उभी राहते आणि मग घण शोधावा लागतो. सापडलं की कागदावर नकाशा काढा: घराच्या कोपऱ्यापासून झाकण किती फुटांवर, शोषखड्डा कुठे, पाइप कुठून कुठे. तो घराच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवा.

मापाचा हिशेब

भारतीय मानक आयएस २४७० प्रमाणे पाच माणसांच्या घरासाठी टाकी आतून १.५ मीटर लांब आणि ०.७५ मीटर रुंद, आत पाण्याची खोली किमान १ मीटर. म्हणजे सुमारे १,१२५ लिटर पाणी. पाण्याच्या वर ३० सेंटिमीटर मोकळी जागा वेगळी. हे किमान माप आहे आणि त्यात वर्षाला एकदा उपसा गृहीत धरलाय. माणशी वर्षाला सुमारे ७५ लिटर गाळ धरला तर पाच माणसांचा ३७५ लिटर होतो, म्हणजे टाकीचा बरोबर तिसरा हिस्सा. प्रत्यक्षात गाळ पुष्कळदा यापेक्षा कमी साठतो, ३०–४० लिटरच्या आसपासही. शिवाय आपल्याकडे टाक्या बऱ्याचदा यापेक्षा मोठ्या बांधतात. त्यामुळे दोन-तीन वर्षांचा अंदाज बहुतेक घरांना लागू पडतो. पण अंदाज तो अंदाजच. मोजणं अवघड नाही.

वर्षातून एकदा गाळ मोजा

मोजायला चांगला काळ दिवाळीनंतर ते मे. त्याआधी एक गोष्ट पक्की करा: टाकीत कुणीही उतरायचं नाही, डोकं आत घालून पाहायचं नाही. आतला मिथेन पेट घेतो. हायड्रोजन सल्फाइडला सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास यायचा थांबतो. वास नाही म्हणजे धोका नाही, असं इथे मुळीच नाही. विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून हवा तपासायची जुनी रीत आहे. ती टाकीवर चुकूनही वापरू नका. बिडी-सिगरेट, उघडा दिवा, ठिणगी उडणारं यंत्र लांब ठेवा.

१. दोन माणसं हवीत. मुलं आणि जनावरं दूर. झाकण पहारीने बाजूला सारा आणि थोडा वेळ उघडं ठेवून वाऱ्याच्या बाजूला उभे राहा. पहारीने झाकण उचलताना चेहरा त्यावर आणू नका.

२. आठ-दहा फुटांची सरळ काठी किंवा पीव्हीसी पाइप घ्या. खालच्या चार-साडेचार फुटांवर जुन्या पांढऱ्या टॉवेलची पट्टी घट्ट गुंडाळा.

३. पहिल्या कप्प्यात, दुसऱ्या कप्प्याच्या बाजूला, काठी हळूच तळाला टेकेपर्यंत सोडा. तवंग जाड असेल तर आधी दुसऱ्या काठीने भोक पाडा. दोन-तीन मिनिटं स्थिर धरा.

४. सावकाश वर काढा. टॉवेलवर खालून जिथवर काळा, दाट थर चिकटलाय तिथवर गाळ. त्याच्या वर ओला पण फिकट भाग म्हणजे पाणी. दोन्ही मापं लिहून ठेवा.

५. गाळाची उंची पाण्याच्या एकूण खोलीच्या तिसऱ्या हिश्शाला पोचली असेल तर गाडी बोलवा. १ मीटर पाणी असेल तर ३३ सेंटिमीटर गाळ ही सीमा. तवंग इतका जाड असेल की त्याचा तळ बाहेरच्या "टी"च्या तोंडाजवळ आलाय, तर गाळ कमी असला तरीही बोलवा.

६. काठी आणि टॉवेल वेगळे ठेवा, हातमोजे वापरा, साबणाने हात धुवा. झाकण क्षणभरही उघडं टाकून आत जाऊ नका. झाकणाला तडा असेल तर बदला. गंजक्या सळ्यांच्या फरशीवरून माणूस आत पडण्याचे प्रकार घडतात.

दोन-तीन वर्षं असं मोजलं की तुमच्या घराचा गाळ चढण्याचा वेग कळतो, मग दरवर्षी झाकण उघडायचीही गरज उरत नाही.

एक घोळ इथेच निस्तरू. झाकण उघडल्यावर टाकी काठोकाठ पाण्याने भरलेली दिसते आणि लोक घाबरून म्हणतात, "भरली!" टाकी नेहमीच भरलेली असते, तशीच असायला हवी. पाणी बाहेरच्या पाइपाच्या पातळीला असणं हे तिच्या तब्येतीचं लक्षण आहे. काळजी करायची ती गाळाची.

उपसा करून घेताना

सक्शन टँकर नगरपरिषदेकडे किंवा खासगी ठेकेदाराकडे मिळतो. साताऱ्यातल्या वाई आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर या नगरपरिषदांनी २०१८ च्या सुमारास वेगळी वाट धरली: टाकी तुंबायची वाट न पाहता वेळापत्रकाप्रमाणे गल्लीगल्लीने जाऊन दर तीन वर्षांनी उपसा करायचा. तुमच्या गावात असं काही असेल तर गाडी दारात आल्यावर "आमची भरली नाही" म्हणून परत पाठवू नका.

गाडी बोलावताना पहिला प्रश्न दराचा नको, "मैला कुठे रिकामा करता?" हा विचारा. शहराचं मैला प्रक्रिया केंद्र असेल तर तिथेच. रात्री ओढ्यात ओतणारा ठेकेदार स्वस्त पडतो, आणि तो ओढा कुणाच्या तरी पाण्याच्या योजनेला जाऊन मिळतो.

उपशाच्या वेळी जवळ थांबा. दोन्ही कप्प्यांची झाकणं उघडून दोन्हीकडून उपसा व्हायला हवा. नुसतं पाणी ओढून तळाचा घट्ट गाळ सोडून देणं ही नेहमीची पळवाट. गाळ चिवट असेल तर त्याच टाकीतलं पाणी दाबाने परत सोडून तो ढवळता येतो. पण टाकी घासून, फिनाइल टाकून लख्ख करू नका. तळाला बोटभर गाळ राहू द्या, पुढच्या कुजण्याचं विरजण तेच. रिकाम्या टाकीत "टी" शाबूत आहेत का हे बाहेर उभं राहून टॉर्चने बघून घ्या. तुटलेला "टी" म्हणजे तवंगाला शोषखड्ड्याकडे जायला मोकळा रस्ता. दुरुस्ती किरकोळ, न केल्यास नुकसान मोठं.

आणि माणूस आत उतरवायचा नाही. "पाचच मिनिटं उतरतो साहेब, तळाचं काढून देतो," असं तो स्वतः म्हणाला तरी नाही. २०१३ च्या कायद्याने टाकीच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावणं हा गुन्हा आहे, आणि तो ठेकेदारापुरता नाही. घरमालकही त्यात येतो. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कुणी आत पडलंच तर मागोमाग उतरू नका. अशा दुर्घटनांत वाचवायला उतरलेलेही त्याच वायूने दगावतात. ११२ किंवा अग्निशमन दलाचा १०१ फिरवा, शक्य असेल तर बाहेरूनच दोर टाका, आत हवा सोडा.

भर पावसाळ्यात टाकी पूर्ण रिकामी करू नका. जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं आणि प्लास्टिक किंवा फायबरची रिकामी टाकी खालून उचलली जाऊन पाइप तुटतात. उपशानंतर कोणत्याही ऋतूत टाकी साध्या पाण्याने बाहेरच्या पाइपापर्यंत भरून घ्या.

टाकीत काय जाऊ नये

सॅनिटरी पॅड, डायपर, वेट वाइप्स, निरोध, केस, कापूस, भाताचे गोळे, तळणाचं तेल, सिमेंटचं धुवण. यातलं बरंचसं आत कुजत नाही किंवा फार सावकाश कुजतं. स्वयंपाकघराचं पाणी टाकीत सोडलेलं असेल तर आधी चिकटा अडवणारं छोटं चेंबर हवं आणि ते दर महिन्याला साफ करायला हवं. छपराचं पावसाचं पाणी टाकीत कधीच नको. गळका फ्लश दिवसाला शेकडो लिटर पाणी आत ढकलतो आणि टाकीला निवळायला वेळच देत नाही. वॉशर बदलायचा खर्च त्यापुढे काहीच नाही.

संडास धुवायचं औषध आठवड्याला थोडं वापरलं तर जिवाणू मरत नाहीत. बादलीभर ॲसिड किंवा ब्लीचिंग पावडर ओतली तर मरतात. उलट बाजूने, टाकीत गूळ, यीस्ट, "जिवाणू पावडर" टाकली की उपसायची गरज उरत नाही, हा समज सोडा. जिवाणू माणसाच्या मैल्यातूनच रोज येत असतात. शेणकाल्याला मात्र एक जागा आहे: अगदी नव्या टाकीत पाणी भरल्यावर, जुन्या टाकीचा थोडा गाळ मिळत नसेल तर कुजलेलं शेण थोडं घालून सुरुवात करून देता येते. एकदाच.

शोषखड्डा: तुमची माती काय म्हणते

टाकी बिघडली तर गाडीने सुटते. शोषखड्डा गाळाने बुजला तर बहुधा नवाच खणावा लागतो. म्हणून टाकीची सगळी निगा खरं तर खड्ड्यासाठीच असते.

खड्डा किमान ०.९ मीटर रुंद आणि येणाऱ्या पाइपाच्या खाली किमान १ मीटर खोल असावा. आत दगड-विटा सिमेंट न लावता रचायच्या, बाहेरून खडीचा थर. पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर, घरापासून ६ मीटर. शेजाऱ्याची विहीरही यात मोजायची.

पण खरा निकाल माती लावते. नवा खड्डा घ्यायच्या आधी तिला विचारून घ्या. ठरलेल्या खोलीपर्यंत वीतभर रुंद भोक पाडा, तळाला ५ सेंटिमीटर खडी घाला, पाणी भरून रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी खडीच्या वर १५ सेंटिमीटर पाणी भरा आणि अर्ध्या तासात ते किती उतरतं ते बघा. त्यावरून २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात याचा हिशेब करा. ३० मिनिटांच्या आत असेल तर शोषखड्डा चालेल. ३० ते ६० असेल तर खड्ड्याऐवजी लांबट, उथळ चर. ६० च्या वर असेल तर ती जमीन पाणी पिणार नाही, खड्ड्यावर पैसे घालू नका.

विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती पुष्कळदा या शेवटच्या गटात बसते. शिवाय ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि विटांची टाकी तडकवते, म्हणून तिथे काँक्रीटची टाकी बरी. पाणी जिरवायला पुढे खडीचा गाळण कप्पा घेऊन मग कर्दळीच्या वाफ्यात सोडणं हा मार्ग उरतो. कोकणातल्या जांभ्यात उलटी गत. तिथे पाणी झटकन दिसेनासं होतं आणि मालक खूश होतो. पण जांभ्याच्या भोकाभोकांतून ते पुरेसं न गाळता विहिरीकडे पोचू शकतं. अशा जागी १८ मीटरवर भागवू नका, जमेल तितकं लांब जा आणि विहिरीच्या उताराखाली जा.

कोकणातल्या घरांसाठी आणखी एक. घर वर्षभर दोन माणसांचं आणि गणपतीला पंचवीस जणांचं, तेही भाद्रपदात, जेव्हा जमीन आधीच पाण्याने फुगलेली असते. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी संडास तुंबतो तो यामुळे. गाळ मेमध्येच मोजा, सीमेजवळ असेल तर पावसाआधी उपसून घ्या, आणि त्या दिवसांत न्हाणीचं, कपड्यांचं पाणी टाकीत न जाता माडांना जाईल अशी सोय करा.

शोषखड्ड्यावरून गाडी नेऊ नका. जवळ उंबर, पिंपळ, बांबू नको, मुळं खड्ड्यात शिरतात. केळी, कर्दळ चालतील. मुळा, पालेभाजी नको.

तुंबलं तर: झाकण उघडा आणि पातळी बघा

प्लंबर येण्याआधी एवढं कळलं तर पैसे वाचतात. घरातलं एकच भांडं तुंबलंय आणि बाकी ठीक, तर दोष त्याच्याच पाइपात. सगळंच हळू जातंय, मोरीतून गुडगुड आवाज येतोय, तर टाकीचं पहिल्या कप्प्याचं झाकण उघडा.

पाणी बाहेरच्या पाइपाच्या पातळीला, म्हणजे नेहमीसारखं आहे आणि तरी संडास तुंबलाय: घर ते टाकी या टप्प्यात काहीतरी अडकलंय. बहुधा आतल्या "टी"त, तवंगाचा गोळा किंवा पॅड. पाइपाला पुरेसा उतार नसला तर हे पुन्हापुन्हा होतं.

पाणी त्या पातळीच्या वर चढलंय: अडथळा पुढे आहे. दुसऱ्या कप्प्यातही वर असेल तर बाहेरचा पाइप किंवा शोषखड्डा. नुसती गाडी बोलावली तर चार दिवस बरं वाटेल आणि टाकी पुन्हा भरली की तेच. खड्ड्याभोवती ओल, दाट हिरवं गवत, वास असेल तर खड्डा दमलाय.

पाणी पातळीच्या खाली आहे: टाकी गळतेय. घरात याचा काही त्रास नाही, म्हणून कुणी लक्ष देत नाही. जवळच्या विहिरीचं पाणी तपासून घ्या आणि टाकी उपसल्यावर दुरुस्तीचं बघा.

जुनी टाकी सोडून देताना

गावात भुयारी गटार आलं आणि घर त्याला जोडलं की जुनी टाकी तशीच झाकून ठेवतात. काही वर्षांनी फरशी खचते. आधी गाडीने पूर्ण उपसा करून घ्या, चुना टाका, बाहेरूनच पहारीने किंवा यंत्राने तळाला भोकं पाडा म्हणजे पावसाचं पाणी साचणार नाही, आणि मुरूम थराथराने टाकून ठोकून भरा. जागा नकाशावर खूण करून ठेवा. पुढे तिथे खांबाचा पाया घ्यायची वेळ आली तर बांधणाऱ्याला ते माहीत असायला हवं.